वाटा आहेत, जोड नाही

हॉलमध्ये बैठक आहे : पायी आणि सायकलनं फिरायच्या वाटा कशा जोडायच्या, हे लोकांनाच विचारायचं. टेबलभर पसरलेला नकाशा. शेजारी ठिपक्यांची पाकिटं. हिरवा ठिपका म्हणजे इथून मी जातो. लाल म्हणजे इथे अडतो.

वाटा तशा पुष्कळ आहेत. नदीकाठची आहे, टेकडीवरची आहे, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची आहे. फक्त एकीवरून दुसरीवर जाता येत नाही.

लाल ठिपके कुठे दाटलेत पाहा. नदीकाठची वाट हमरस्त्याला भिडते, तिथे. पलीकडे ती पुन्हा सुरू होते. मध्ये आहे फक्त रस्त्याची रुंदी. पण लहान मुलाचं बोट धरून भरधाव गाड्यांमधून ती ओलांडून बघा! नवी पाच किलोमीटर वाट काढण्याआधी इथला रस्ता नीट ओलांडता यायला हवा.

ओढ्यापाशी एका आजोबांनी ठिपक्याशेजारी पेनानं लिहिलंय : ‘पावसाळ्यात गुडघाभर पाणी.’ उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला हे कळलंच नसतं.

ठिपके मोजले की काम झालं, असं मात्र नाही. बैठकीला येतात ते बहुधा सायकलवाले आणि हौशी भटके. मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदीही अ‍ॅप वापरणाऱ्यांच्याच. चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या बाईंचा ठिपका नकाशावर नसतो, कारण त्या वाटेपर्यंत पोचलेल्याच नसतात. त्यांना विचारायला घरी जावं लागतं. मग कळतं, की वीस फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ असला, तर खुर्ची ढकलताना दम निघतो.

आणि विरोध? ‘माझ्या बांधावरून वाट नको,’ असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यालाही ऐकायचं. फाटक उघडं राहतं, गुरं बाहेर पडतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वाटा जोडल्या, तरी फाट्यावर माणूस चुकतोच. बेल्जियममधल्या लिम्बुर्गमध्ये १९९०च्या दशकात सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिले. आकडे कागदावर उतरवून घ्यायचे आणि निघायचं. कल्पना एका खाण अभियंत्याची.

काही महिन्यांनी तोच हॉल, नवा नकाशा. कोणती सूचना घेतली, कोणती का नाही, हे कडेला लिहिलेलं. आजोबा चष्मा सावरून ओढा शोधतात. तिथे साकवाची खूण आहे, तुटक रेघांची.

“तुटक म्हणजे?”

“म्हणजे ठरलंय, अजून बांधलेला नाही.”

“कधी बांधणार?” आजोबा विचारतात, आणि पेन मागून घेतात.