नळी कोणती ते नाही, आत काय भरलं ते विचारा

बसा, पुढं या, सतरंजी मोकळी आहे. गावात कोणीबी भेटलं की मले विचारते, दादा, खांद्यावरून रणगाड्यावर मारायच्या लॉन्चरमंदी रशियाचं आरपीजी भारी का आपल्या फौजेतलं कार्ल गुस्ताफ? इन्फन्ट्रीत आरएल, म्हणजे हेच कार्ल गुस्ताफ रॉकेट लॉन्चर, खांद्यावर वाह्यलं, म्हणून मलेच विचारता, ठीक आहे. पण प्रश्नच चुकते बावा.

आधी कपाशीचं सांगतो. पेन्शनीवर आलो त्या पहिल्याच सालची गोष्ट. शेजारून फवारणीचा पंप आणला, चांगला बॅटरीवाला, तुडतुड्याचं औषध टाकलं अन् तीन एकर मारलं. आठ-दहा दिवसात पानं आखडली, भेंडीच्या पानावानी लांब लांब बोटं फुटली. कोणी म्हणे व्हायरस, कोणी म्हणे खत कमी पडलं, दुकानदारानं पंप कोणत्या कंपनीचा ते विचारलं अन् अजून दोन बाटल्या हाती देल्या, त्याबी मारल्या. शेवटी एका मामानं पान हातात घेऊन विचारलं, याच्या आधी पंपात काय होतं? धुऱ्यावरच्या तणाचं टू-फोर-डी होतं, अन् मी पंप नुसता पाण्यानं खंगाळला होता. कपाशीले ते थेंबभर सहन होत नाही. बोंडं धरलीच नाही त्या साली. अजून जीव जळते.

लॉन्चरचं तसंच आहे, नळीपेक्षा आत कोणता गोळा भरला ते पाहा लागते. कार्ल गुस्ताफ स्वीडनचं, 84 मिलिमीटरचं, नळीत आटे असतात, म्हणजे गोळ्याले गरगर फिरवणाऱ्या खाचा. गोळा मागून भरायचा. बार झाला की गोळा पुढं, गॅस मागून बाहेर, म्हणून खांद्याले धक्का लागत नाही, पण मागं माणूस उभा नाही पाह्यजे. सिनेमात मागं भिंत अन् लोकं दाखवतात, ते पाहून पोट्टे चुकीचं शिकतात, याचा मले राग येते.

रणगाड्यासाठी हीट गोळा, म्हणजे ‘हाय एक्सप्लोसिव्ह अँटी-टँक’. हीट म्हणून पोलाद वितळते असं सारेच समजतात, तसं नाही. आत तांब्याचा पोकळ शंकू असते, मागची बारूद फुटली की त्याची बारीक धार होते, टोक सेकंदाले आठेक किलोमीटर जाते अन् पोलादाले बाजूले सारत घुसते. गोळा गरगर फिरला तर धार फाकते, म्हणून या गोळ्यावरचा पट्टा आट्यात घसरता ठेवला, पट्टा फिरते पण गोळा कमी फिरते.

सरपंच घड्याळ दाखवून राह्यले, मंग आरपीजी-7 झटपट सांगतो. 1961 पासूनचं. नळी 40 मिलिमीटर, पण मूळ गोळ्याचं डोकं 85 चं, नळीबाहेरच राह्यते. आधी छोटा बार गोळा बाहेर फेकते, मंग रॉकेट पेटते. आडवा वारा असला की शेपटाकडून ढकलते अन् तोंड वाऱ्याकडे वळते. रणगाड्यावर गोळ्याची धार मोडायले बारुदी विटा लावल्या तर जोडडोक्याचा गोळा लागते, पहिलं डोकं वीट उडवते, दुसरं आतलं पोलाद फोडते. माणसांवर फुटायचा गोळा आणखी वेगळा.

आरएलवर दोन गडी असतात. नेम धरणारा पुढं, भरणारा नंबर दोन. रात्री नंबर दोन आधी उजेडाचा गोळा भरते, तो छत्रीवर जळत खाली येते, पुढं रणगाडा दिसला की त्याच नळीत हीट, अन् समोर पायदळ दिसलं की छर्र्याचा.