एम-सँडमधली बर्फगुहा

(पहाट. येळ्ळूर रस्ता, मागे राजहंसगड.)

जानेवारीतली पहाट. बेळगावची थंडी बोचते, पण कानटोपी घातली की भागतं. रस्त्यावर धावणाऱ्या या पोरांनी बर्फ पाहिलाय तो फक्त गाडीवरच्या गोळ्यात. त्यांचं सगळं लक्ष १६०० मीटरवर. मग बीमवर पुल-अप्स, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग बॅलन्स. सैन्यभरतीची मैदानी चाचणी एवढीच, म्हणून सरावही एवढाच.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर याच शहरात आहे. इन्फंट्री स्कूलची कमांडो विंगही इथलीच. खानापूर, चंदगड, निपाणीकडची पोरं पिढ्यानपिढ्या त्या गेटातून आत गेली. आमचा कॅमेरा गेटाबाहेरच थांबला. पण आत जाऊन, बर्फावर राहून, पेन्शन घेऊन परत आलेला माणूस गावातच भेटला.

(घराचं बांधकाम. एम-सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा ढीग.)

पेन्शन सुभेदाराची, गावात हाक मात्र ‘मेजर’. सियाचीनला राहून आलेले. भाच्याच्या बांधकामावरच्या एम-सँडवर त्यांनी दोन घागरी पाणी ओतलं, वाळू थापून घट्ट केली आणि बर्फात राहायची गुहा कशी असते ते खुरप्यानं कोरून दाखवायला लागले.

नीट बघा. गुहेचं तोंड खाली, जमिनीलगत. झोपायचा ओटा त्याच्यापेक्षा वर. थंड हवा जड, ती खाली उतरून तोंडातून निघून जाते. अंगाची ऊब वर ओट्यापाशी अडकून राहते. बाहेर उणे वीस असलं तरी नीट कोरलेल्या गुहेत पारा शून्याच्या आसपास टिकतो. आता छतातून एक काठी आरपार.

‘‘हे भोक बुजू द्यायचं नाही गा. आत स्टोव्ह पेटतोय. जळताना जो गॅस निघतो त्याला वास नसतो, झोपेतच जातोस.’’

एका पोरानं विचारलं, ‘‘मेजर, हे भरतीला विचारतात काय?’’

‘‘भरतीला नाही. वर गेल्यावर.’’

(जुनी कृष्णधवल फिल्म.)

थंडीत टिकायची ही विद्या शर्यतीत उतरली त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली. १७६७ साली नॉर्वे-स्वीडन सीमेवरच्या स्की-तुकड्यांनी आपसांत स्पर्धा लावल्या. उतारावरून घसरत येताना नेम धरायचा, पाठीवर सगळं सामान घेऊन पळायचं. आपली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, उभी राहिली १७६८ ला, म्हणजे त्यानंतर एकाच वर्षानं.

ही फिल्म १९२४ ची. फ्रान्समधलं शामोनी, पहिलं हिवाळी ऑलिंपिक. या प्रकाराचं नाव ‘मिलिटरी पेट्रोल’. चौघांची तुकडी: एक अधिकारी, एक हुद्देदार, दोन जवान. निशाणा साधायचा तो तिघांनी. अधिकारी पिस्तूल बाळगतो, नेमबाजीत उतरत नाही. या चौघांकडे बघताना वेगाकडे नका बघू, अंतराकडे बघा. पुढचा मागच्याला सोडून जात नाही, कारण तुकडी एकत्र पोचली तरच पोचली. सहा देश उतरले होते. हवा इतकी वाईट की दोघांनी वाटेतच सोडलं. जिंकलं स्वित्झर्लंड.

१९२८, १९३६ आणि १९४८ ला हा प्रकार प्रदर्शनी म्हणून पुन्हा झाला. मग महायुद्धानंतरच्या जगाला खेळात वर्दी नकोशी झाली. तुकडी गेली, पाठीवरचा पिट्टू गेला. उरला एकटा माणूस, स्की आणि रायफल; तेच बायथलॉन, १९६० पासून ऑलिंपिकमध्ये. खेळ देखणा झाला, यात वाद नाही. पण मेजरनी खुरप्यानं जे कोरून दाखवलं, ते नेमकं त्यातून वजा झालं.

ते टिकलं लष्करी स्पर्धांत. १९४३ साली स्विस सैन्यानं झरमाट ते व्हर्बिये ही चार दिवसांची हिमनद्यांवरची वाट एका दमात कापायची शर्यत काढली, तिघातिघांच्या तुकड्यांची. १९४९ ला एक अख्खी तुकडी हिमभेगेत पडून गेली आणि शर्यत बंद झाली. पुन्हा सुरू झाली ती १९८४ ला. आज तिथे साधे नागरिकही धावतात. चेक प्रजासत्ताकात, येसेनिकच्या डोंगरांत होणाऱ्या लष्करी स्पर्धेचं नावच ‘विंटर सर्व्हायव्हल’.

आणि आपण? १९४८ ला गुलमर्गला सैन्याची स्की शाळा निघाली ती जनरल थिमय्यांच्या पुढाकारानं. थिमय्या कोडगूचे, म्हणजे कर्नाटकचे. तीच शाळा पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. १९८४ च्या एप्रिलमध्ये सैन्य सियाचीनवर चढलं, आणि ही विद्या पलटणींमधून गावोगाव पोचली. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० ला सुरू झाले. २०२४ ला गुलमर्गमध्ये नॉर्डिक स्कीइंगची सुवर्णपदकं कर्नाटकला मिळवून दिली भवानी तेक्कडा नंजुंडा हिनं. तीही कोडगूची. कोडगूत तरी कुठे बर्फ पडतो?

(सियाचीन. संग्रहित दृश्यं.)

फेब्रुवारी २०१६, सोनम पोस्ट. हिमस्खलनात मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गेले. त्यांतले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद शेजारच्या धारवाड जिल्ह्याचे.

(रविवार. माळरान. पाठीवर पोती घेतलेली पोरं.)

मेजरनी रविवारी स्वतःची शर्यत काढलीय. चौघांची टोळी, दोरीनं बांधलेली. पिट्टू म्हणजे सिमेंटच्या पोत्यात भरलेली वाळू. वाटेत ओढा, पाण्यात उतरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पलीकडे गेल्यावर पाय पुसायचे, छातीशी जपून आणलेले कोरडे मोजे घालायचे आणि मग पळायचं. घड्याळ थांबतं शेवटच्या पोराचा पाय रेषेवर पडला की.

ही दोरी बघा, ताणलेली. पुढचा दांडगा आहे, मागच्याचा श्वास लागलाय. १६०० मीटरच्या सवयीनं पुढचा ओढतोय, आणि मेजर बांधावरून ओरडतायत, ‘‘दोरी ढिली! दोरी ढिली कर की गा!’’

अशा मैदानाला परवानगी, विमा, एखादा स्ट्रेचर लागतो. सध्या आहे ती मेजरची शिट्टी आणि भाच्याची वाळू. तालुक्यात असे मेजर गावागणिक दोन-चार तरी सापडतील, आणि बहुतेकांकडे रविवार मोकळा असतो.

आज पहिली आलेली टोळी बाद झाली. मेजरनी रेषेवरच चौघांचे बूट काढायला लावले. एकानं वेळ वाचवायला मोजे बदललेच नव्हते. टोळीनं बरीच हुज्जत घातली. निकाल बदलला नाही.