धूर, ढग आणि थेंबाचं माप

हवेत वाफ भरपूर असली की ढग होणारच, असं आपण धरून चालतो. नुसत्या वाफेला ते जमत नाही. १८८० मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिन यांनी काचेची दोन मोठी पात्रं घेतली. एकात साधी हवा, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. पहिलं पात्र धुक्यानं पांढरंफटक झालं, दुसरं तसंच स्वच्छ! फरक होता तो फक्त धूलिकणांचा. वाफेला थेंब व्हायला टेकू लागतो. मग तो मिठाचा कण असो, मातीचा असो, नाहीतर कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार झालेला सल्फेटचा.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रदूषण वाढलं की पाऊसही वाढायला हवा. इथेच खरी गंमत आहे. ढगातला थेंब साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पावसाचा थेंब २ मिलिमीटरचा. व्यासात शंभरपट, म्हणजे पाण्याच्या हिशेबात दहा लाखपट. ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा कुठे पावसाचा एक थेंब होतो. उबदार, म्हणजे बर्फ नसलेल्या ढगात ते एकत्र येतात टक्कर होऊन: मोठा थेंब जरा वेगानं खाली येतो आणि वाटेतले लहान गिळत जातो. पाणी तेवढंच ठेवून कण दहापट केले, तर प्रत्येक थेंबाचा व्यास निम्म्याहूनही कमी होतो, आणि त्याचा पडायचा वेग जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. सगळेच सारखे बारीक, सगळेच संथ. कोण कोणाला गाठणार? ढग भरलेला दिसतो, पण बरसत नाही.

बारीक थेंबांचा ढग ऊनही जास्त परतवतो. हे शॉन ट्वोमी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. समुद्रावरच्या सखल ढगांत जहाजांच्या धुरामुळे उमटलेल्या पांढऱ्या रेघा उपग्रहाच्या चित्रांत चक्क दिसतात. काजळीचं मात्र वेगळं. ती ऊन शोषून भोवतालची हवा तापवते आणि असलेला ढगही विरवू शकते. 'प्रदूषणानं ढग वाढतात की घटतात?' असा प्रश्न कुणी विचारला की मी आधी विचारतो, कुठलं प्रदूषण आणि कुठला ढग?

उंच गडगडाटी ढगांवरून तर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहेत. एका मताप्रमाणे खाली न पडलेले बारीक थेंब वर जाऊन गोठतात, गोठताना उष्णता सोडतात, आणि ढग आणखी उसळून पाऊस उशिरा पण जोरात कोसळतो. दुसरी बाजू म्हणते, हा परिणाम फुगवून सांगितला जातोय. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते, कारण एवढ्या उलथापालथीत कणांचा वाटा वेगळा काढणं फार अवघड आहे.

जहाजांच्या बाबतीत ते तुलनेनं सोपं गेलं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, आणि त्यानंतर उपग्रहांना त्या रेघा बऱ्याच कमी दिसू लागल्या. हवा स्वच्छ झाली, पण त्याबरोबर सावलीही थोडी गेली. किती गेली, यावर आता मोजमापं चालू आहेत.