पोहण्याचे नैसर्गिक तळे आणि त्यातील वनस्पती

श्रोतेहो, नमस्कार. क्लोरिन न घालता पाणी स्वच्छ राहील असे पोहण्याचे तळे बांधायचे, तर त्यात किती माणसांनी उतरावे हे खड्ड्याच्या आकारापेक्षा वनस्पती ठरवतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात 2015 साली, चहूकडे इमारतींची बांधकामे चालू असताना, सुमारे 40 मीटर लांबीचे असे एक सार्वजनिक तळे खुले झाले. तेथे दिवसाला फक्त 163 जणांना प्रवेश होता. मला हा आकडा फार आवडतो, कारण तो तिकीटविक्रीच्या हिशेबातून आलेला नव्हता; अंगावरचा घाम, त्वचेचे कण आणि मलमे यांतून पाण्यात उतरणारी घाण तेथील वनस्पती एका दिवसात जितक्या माणसांपुरती पचवू शकत, तितकीच माणसे आत सोडली जात. पाणी निवळशंख दिसत असले तरी 164 व्या माणसाला तेथे जागा नव्हती. ते तळे मुळातच तात्पुरते होते आणि 2016 मध्ये बंद झाले. पण निळ्या फरशीच्या तरणतलावाचा हेवा करणाऱ्यांना मी आजही हाच आकडा सांगतो.

म्हणून साधारण निम्मे क्षेत्र पोहण्यासाठी आणि निम्मे वनस्पतींसाठी ठेवावे आणि मधल्या भिंतीची कड पाण्याखाली राहू द्यावी. वनस्पती मातीत लावू नयेत, धुतलेल्या खडीत लावाव्यात; खडीवरचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात आणि उपाशी मुळे ते ओढून घेतात. पुन्हा सांगतो, माती नको, खडी हवी. काठाला वेखंड, लव्हाळे आणि आवरता येईल इतके पाणकणीस लावावे, पाण्याखाली व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती असावी. नळ नावाच्या उंच पाणगवताचे टोकदार कोंब तळाचे अस्तर फोडतात, म्हणून ते टाळावे. कमळाला सुपीक चिखल लागतो, तेव्हा छायाचित्रासाठी कमळ हवेच असणाऱ्यांनी ते वेगळ्या कुंडात लावावे. जलपर्णी तर मुळीच नको. मासेही नकोत, कारण ते शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव फस्त करतात आणि वर स्वतःच्या विष्ठेची भर घालतात.

वनस्पतींनी शोषलेला फॉस्फरस पाने कुजली की पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळाला आयते खाद्य मिळते. त्यामुळे पिवळी पडणारी पाने वेळेवर कापावीत आणि, हे विशेष ध्यानात घ्यावे, काठावर ढीग न करता पावसाचे पाणी तळ्याकडे वाहून आणणार नाही अशा जागी टाकावीत.