सही केली म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद?

नमस्कार मंडळी. ऑफर लेटर हातात आलं की आपण बघतो काय, तर पगाराचा आकडा आणि जॉइनिंगची तारीख, बाकीची पानं कोण वाचतंय! नेमकं तिथेच एक कलम असतं, की नोकरीवरून काही वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादापुढे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या खाजगी पंचापुढे जायचं. मग कधीतरी पगार अडकतो नाहीतर हातात नारळ मिळतो, आणि वकील पहिला प्रश्न विचारतो, सही कशावर केली होती?

आता सही केली म्हणजे विषय संपला का, तर ते देशावर आहे. अमेरिकेत बऱ्याचदा संपतोच. तिथला लवाद कायदा 1925 चा, त्यात खलाशी, रेल्वे कामगार आणि आंतरराज्य व्यापारातले इतर कामगार वगळलेले होते, पण हे "इतर" म्हणजे कोण? 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं, फक्त वाहतुकीतले. 2018 मध्ये परत पाच-चार, म्हणे सगळ्यांनी मिळून दावा करायचा नाही असं करारात लिहिलं असेल तर तेही चालतं. खरी मेख ही आहे बघा, कारण एकेकट्याचा बुडालेला ओव्हरटाइम इतका किरकोळ असतो की त्यासाठी वकील करणं परवडतच नाही. 2022 मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींना मात्र कायद्यानेच सूट मिळाली, तिथे कोर्टात जायचं की लवादाकडे हे तक्रारदार ठरवतो.

कॅनडाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. उबर ईट्सचा एक ड्रायव्हर होता, डेव्हिड हेलर, आठवड्याला चारशे ते सहाशे कॅनेडियन डॉलर कमवायचा. करारात काय, तर वाद झाला की लवाद ॲमस्टरडॅममध्ये, आणि नुसती केस सुरू करायची फी साडेचौदा हजार अमेरिकन डॉलर! म्हणजे जवळपास वर्षभराची कमाई, प्रवास आणि वकील वेगळाच. बरं, करार फोनच्या स्क्रीनवर "मान्य आहे" दाबून झालेला, त्यात फीचा आकडाच नव्हता. 2020 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे कलम रद्द ठरवलं, कारण दोन्ही बाजूंची ताकद समान नव्हती आणि सौदा एकतर्फी होता. मला हा निकाल फार पटतो, दार आहे म्हणायचं आणि आत शिरणं अशक्य करून ठेवायचं, याला न्याय कसं म्हणणार?

कधीकधी हे कलम कंपनीवरच उलटतं हं. डोअरडॅश या अमेरिकेतल्या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीचं तेच झालं, पाच हजारांवर डिलिव्हरी करणाऱ्यांनी एकेकट्याने लवादाची मागणी केली, फी भरायची कंपनीने आणि ती होत होती 90 लाख डॉलरच्या वर. मग ज्या कंपनीने एकत्र दाव्यांना बंदी घातली होती तीच एका सामूहिक तडजोडीकडे बोट दाखवून थांबा म्हणायला लागली, पण जजने 2020 मध्ये याला सरळ ढोंग म्हटलं आणि लवादाकडे पाठवलं.

ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलची, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी न्यायाधिकरणाची वाट अडवणारं कलम साधारणपणे चालत नाही. भारतात मुंबई हायकोर्टाने 2012 मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या थकलेल्या पगाराच्या प्रकरणात सांगितलं की कामगार कायद्याखालचे वाद खाजगी लवादाकडे जाऊ शकत नाहीत. मॅनेजर लोकांनी यावर विसंबू नये, कायद्याच्या व्याख्येतल्या "कामगारा"त ते सहसा बसत नाहीत.

तेव्हा सहीआधी एवढं तरी बघा, लवाद कोण नेमणार, बसणार कुठे, फी कुणाच्या डोक्यावर. काही करारांत ठरलेल्या दिवसांत कळवून या कलमातून बाहेर पडायची सोय असते, त्याला एक ईमेल पुरतो, पण त्याची कॉपी स्वतःच्या मेलवर ठेवा, कारण नोकरी गेली की ऑफिसचा मेल आधी बंद होतो.