गंजलेलं काडतूस मेलेलं नसतं

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी मे महिन्यात लालबागच्या एका चाळीतून मला निरोप आला. चाळ पुनर्विकासाला चालली होती, घरोघरी बांधाबांध सुरू होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना माळ्यावरच्या ट्रंकेत, सासऱ्यांच्या लष्करातल्या कागदांखाली, सिगारेटचा जुना पत्र्याचा डबा सापडला होता. आत रायफलीची सात काडतुसं. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामात २९ वर्षं काढली, हे चाळीत माहीत होतं. म्हणून मला बोलावणं.

मी दारात पोचलो तेव्हा काकूंचा कॉलेजात जाणारा नातू त्यातलं एक काडतूस चिमटीत धरून पॉलिश पेपरने घासत बसला होता. मला म्हणाला, "काका, हे कधीच मेलंय. गंजलंय बघा किती."

ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. आजचं हे बोलणं त्या मुलासाठी आणि त्याच्यासारखा समज असलेल्या प्रत्येकासाठी आहे.

मी त्याच्या हातातून काही ओढून घेतलं नाही. "आहे तसंच, सावकाश, टेबलावर आडवं ठेव," एवढंच म्हणालो. मग चष्मा पुसून, टॉर्च लावून, हात न लावता पाहिलं. वरचा हिरवट लाखेचा थर खपल्या-खपल्यांनी सुटलेला. जिथे गोळी पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्यात, शिरते तिथे तपकिरी कडं धरलेलं. दोन काडतुसं गंजाने एकमेकांना चिकटलेली. एकाच्या बुडावर भिंगातून 'एस' आणि 'टी' ही अक्षरं दिसली. जर्मन भाषेत पोलादाला 'स्टाल' म्हणतात, त्याची ही खूण. त्याच्या समोर ४३ म्हणजे १९४३ साल.

पुंगळी खरं तर पितळेची असते. पण युद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा जर्मनीने रायफलीच्या काडतुसांना पोलादी पुंगळ्या केल्या, अमेरिकेनेही पिस्तुलाच्या काही काडतुसांना केल्या. रशियात तर पोलादी पुंगळी आजही सर्रास वापरतात. पोलाद गंजतं, म्हणून वर लाखेचा किंवा तांब्याचा पातळ थर देतात. तो थर एकदा खरवडला की मुंबईची खारी, दमट हवा पुढचं काम करते. चार महिने पावसाळा आणि वर समुद्राचं वारं, लोखंडाची खिडकीसुद्धा इथे टिकत नाही.

गंज चढतो तो पुंगळीला. आतली दारू आणि बुडाशी असलेली टोपी, जिच्यावर घाव बसला की ठिणगी पडते, ती शाबूत असू शकते. ऐंशी वर्षांपूर्वीची काडतुसं उडाल्याचं मी स्वतः चाचणीच्या वेळी पाहिलं आहे. म्हणजे गंजाने दारू निकामी होत नाही, तिला धरून ठेवणारी भिंत तेवढी कमजोर होते. चांगल्या काडतुसापेक्षा गंजलेलं जास्त धोक्याचं ते यामुळे. चांगलं काय करेल हे आपल्याला माहीत असतं, गंजलेलं काय करेल ते कुणालाच सांगता येत नाही.

रायफलीत काय होतं ते सांगतो. दारू पेटली की पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. पितळ लवचीक, ते लगेच आखडतं आणि पुंगळी सुटते. पोलाद तितकं आखडत नाही. त्यात ते गंजून खरखरीत झालेलं असेल तर पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसते, आणि बाहेर ओढणारा आकडा तिची कडच फाडून नेतो. हे त्यातल्या त्यात बरं. गंजाने खड्डे पडून भिंत पातळ झाली असेल तर पुंगळी तिथे फाटते, आणि तो वायू मागे, चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. रायफलीच्या चेंबरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन टनांहून जास्त दाब तयार होतो. तुमच्या मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या हजार पटींहून अधिक.

परवानाधारक नेमबाज ऐकत असतील, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. कोरड्या कापडाने पुसल्यावर निघून गेला तो नुसता वरचा डाग. पुसल्यावर नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा पडलाय, ते काडतूस बाजूला काढा, पैशांकडे बघू नका. पॉलिश पेपर अजिबात नको, उरलासुरला थर आणि धातूही त्याने जातो. तेलही नको. तेल झिरपत टोपीपर्यंत पोचतं आणि ठिणगी पडूच देत नाही, किंवा ती उशिरा पडते. शिवाय तेलकट पुंगळी चेंबरला धरत नाही, सगळा मार बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, येतो. चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं तर नळी निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, बोल्ट लगेच उघडू नका. आणि आवाज 'फुस्स' असा दबका आला, धक्का कमी बसला, तर तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी सोडली की नळी फुटते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मिठासारखा क्षार उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजवतो. तो तेलाने जात नाही. गरम पाण्याने धुवायचा, कोरडं करायचं आणि मगच तेल द्यायचं.

पण माझे बहुतेक श्रोते नेमबाज नाहीत. त्यांच्या हाती काडतूस येतं ते माळ्यावरून, जुन्या ट्रंकेतून किंवा भंगाराच्या पोत्यातून. तर मंडळी, असं काही दिसलं की हात लावू नका, घासू नका, ठोकू नका, फोडून आत काय आहे ते बघू नका. मुलांना तिथून लांब करा, जवळ गॅसची शेगडी असेल तर बंद करा, आणि ११२ ला फोन लावा. पोलिस येतात. तोफगोळा किंवा ग्रेनेड असेल तर बॉम्बशोधक व नाशक पथक येतं.

कचऱ्याच्या डब्यात टाकू नका हे कळकळीने सांगतो. आपला कचरा गाडीत दाबला जातो, डंपिंगवर जातो, आणि तिथे आगी लागतात. २०१६ च्या जानेवारीत देवनार कसं धुमसत होतं ते मुंबईकर विसरलेले नाहीत. आगीत सापडलेलं काडतूस बंदुकीबाहेरही फुटतं. गोळी तेव्हा फार लांब जात नाही, पण पुंगळीचे तुकडे आणि टोपी उडतात, आणि समोर असतात कचरा वेचणाऱ्या बायांचे डोळे. खाडीत फेकणंही तसंच, ओहोटीला ते कुणा पोराच्या हाती लागतं.

भंगारवाल्याला तर देऊच नका. कुर्ल्याला किंवा रे रोडच्या दारूखान्यात भंगार हातोड्याने फुटतं आणि गॅसकटरने कापलं जातं. २००४ च्या सप्टेंबरमध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले, स्फोट झाला आणि दहा कामगार गेले. त्यानंतर सरकारने भंगाराच्या आयातीला तपासणीची अट घातली. परदेशी बंदरावरच्या भंगाराला तपासणी आहे, आपल्या माळ्यावरून गेलेल्या पोत्याला नाही. ते पोतं ज्याच्या हातात पडतं त्याला काही माहीत नसतं, हे मला फार लागतं.

आता भीतीचा मुद्दा. "पोलिसांना कळवलं तर आपल्यावरच केस होईल," असं काकूही म्हणाल्या. विनापरवाना काडतूस बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, एक असलं तरी. पण ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. ट्रंक उघडेपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हतं, उघडल्यावर ठाऊक झालं. म्हणून उघडल्या दिवशीच कळवा, स्वतः, लेखी. वडिलांच्या परवान्यावरची बंदूक आणि काडतुसं त्यांच्यामागे घरात राहिली असतील, तर तीही पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. ठाण्यात नेण्यासाठी काडतुसं पिशवीत घालून लोकलने मात्र निघू नका, पोलिसांनाच घरी बोलवा.

लालबागला त्या दिवशी तासाभरात पोलिस आले. पंचनामा झाला, नातवाने आपण काय केलं ते पंचांसमोर सगळं खरं सांगितलं, डबा ताब्यात गेला. काकूंना काळजी होती ती कागदांची. अंमलदारांनी ट्रंकेतला एकेक कागद पाहिला आणि त्यांच्या हातात परत दिला. सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक त्यात होतं. काकूंनी ते पदरात गुंडाळलं आणि आमच्यासाठी चहा टाकायला उठल्या.

नमस्कार.