तेल येतं, पेंड जाते

[दृश्य : सकाळ. लोकमान्य नगर, इंदूर. स्वयंपाकघर.]

मोहरी तडतडली, कांदा पडला, मागोमाग भिजवलेले पोहे. ओट्यावर सोयाबीन तेलाची पिशवी. आजी म्हणतात, तेल आपल्या माळव्याचंच. त्यांना तसं वाटणारच. पावसाळ्यात देवासच्या नाहीतर उज्जैनच्या रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसतं. पण या पिशवीतलं तेल अर्जेंटिनाहून किंवा ब्राझीलहून जहाजानं आलेलं असू शकतं. आणि त्याच वेळी याच माळव्यातली सोयाबीनची पेंड परदेशी जात असते.

मग सोयाबीन आपण विकतो की विकत घेतो?

[दृश्य : छावणी मंडी. तळहातावर दाणे.]

व्यापारी एक दाणा दाताखाली धरतो. कट्ट. वाळलेला आहे. आता या दाण्याच्या आत बघू. 100 किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो. कारखान्यात दाण्याचे पातळ पापुद्रे करून त्यांतून हेक्झेन नावाचं तेल विरघळवणारं द्रावण फिरवतात. तेल त्यात उतरतं, मागे उरते ती पेंड, बाजाराच्या भाषेत डीओसी. कोंबड्यांच्या खाद्याचा ती कणा आहे.

नुसतं तेल द्या, पेंड नको, असं दाण्याला सांगता येत नाही. एक वाटी तेलामागे चार वाट्यांहून जास्त पेंड येतेच. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. ते सगळं आपल्याच सोयाबीनमधून काढायचं ठरवलं, तर पेंडीचे डोंगर उभे राहतील. म्हणून तेल आत येतं आणि पेंड बाहेर जाते.

[दृश्य : काळी जमीन, वखरणी.]

तरी एक प्रश्न उरतोच. ब्राझीलमध्ये हेक्टरी तीन टनांहून जास्त सोयाबीन पिकतं, आपल्याकडे जेमतेम एक टन. मग आपण ते पेरायचंच कशाला?

इंग्लंडचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यानं 1817 साली एक हिशेब मांडला. ठरावीक कापडाला इंग्लंडात वर्षभर 100 माणसं लागतात, वाइनला 120. पोर्तुगालात कापडाला 90, वाइनला 80. दोन्हींत पोर्तुगाल सरस, तरीही त्यानं कापड इंग्लंडकडून घ्यावं. कारण त्याची माणसं द्राक्षमळ्यात जास्त कमावून देतात. शेजाऱ्याशी तुलना करून भागत नाही. हे करताना आपल्या हातचं काय सुटतं, ते बघायचं.

माळव्यात काय सुटत होतं? जवळजवळ काहीच नाही. सोयाबीन येण्याआधी इथली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. पाणी साचायचं, आणि ओल गहू-हरभऱ्यासाठी राखायची असे. 1970 नंतर त्या रिकाम्या चार महिन्यांत सोयाबीन शिरलं. एक टन तर एक टन, आधी तिथे शून्य होतं. मला हा रिकार्डोचा सगळ्यात चांगला दाखला वाटतो, पोर्तुगालपेक्षाही.

[दृश्य : बंदर, कंटेनर.]

एकच माल दोन्हीकडे फिरतो, त्याला आणखीही कारणं असतात. आपल्याकडे जनुकबदल केलेलं सोयाबीन पेरायची परवानगी नाही, म्हणून परदेशातले काही गिऱ्हाईक इथल्या पेंडीला जादा दाम मोजतात. आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये पेंड इतकी महागली, की कोंबडीपालकांसाठी सरकारनं 12 लाख टन जनुकबदल पेंड आयात करायला मुभा दिली. एरवी पेंड विकणारा देश पेंड विकत घ्यायला निघाला.

[दृश्य : पुन्हा मंडी. रिकामी ट्रॉली.]

देशाच्या हिशेबात हे सगळं फायद्याचं दिसतं. पण फायदा सगळ्यांच्या घरी सारखा पोचत नाही, आणि हे बोललंच पाहिजे. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. त्या हंगामात मंडीत लिलाव त्याहून खाली सुटत होते, आणि मध्य प्रदेशात शेतकरी 6,000 मागत रस्त्यावर उतरले होते.

माल विकून परतताना शेतकरी इंदूरच्या सियागंज बाजारातून तेलाचा डबा घेतो. आयात शुल्क कमी झालं की हा डबा त्याला स्वस्त पडतो. त्याच निर्णयानं त्याच्या ट्रॉलीतल्या सोयाबीनचा भावही पडतो.